पिकअप गाडींत तापमापक कसा बसवावा

विद्यार्थीमित्रांनो, वैशाखाच्या दिवसांत रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापुराकडे निघालेल्या पिकअप गाड्या तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. साखरपा मागें पडलें म्हणजे आंबा घाटाचा चढ लागतो. भार मोठा आणि वेग थोडा, त्यामुळें तेथें इंजिनाला श्रम अधिक पडतात व वारा मात्र कमी मिळतो. अशाच एका दुपारीं माझ्या मामांची गाडी त्या घाटांत बंद पडली. रेडिएटरच्या जाळींत धूळ व पाचोळा साठून वारा खेळेनासा झाला होता. डॅशबोर्डावरील उष्णतेचा कांटा बराच वेळ मध्यावर स्वस्थ होता. तो हालला व लाल दिवा लागला तेव्हां बॉनेटखालून वाफ निघूं लागली होती. सिलिंडरच्या माथ्याखालचें गॅस्केट जळलें. दुसरी गाडी येईपर्यंत सायंकाळ झाली, पुष्कळ फळ उन्हानें खराब झालें, आणि त्या हंगामाची कमाई दुरुस्तींतच गेली.

घरीं आल्यावर मामा म्हणाले, "अरे, कांटा होता, मी त्याच्याकडे पाहतही होतों. मग त्यानें मला आधीं कां सांगितलें नाहीं?"

या प्रश्नाचें उत्तर असें आहे. पुष्कळशा आधुनिक गाड्यांतील हा कांटा प्रत्येक अंशाचा हिशेब देत नाहीं. तो जरा हालला कीं चालक उगाच घाबरतो. म्हणून पाण्याचें उष्णतामान नित्याच्या मर्यादेंत असेपर्यंत तो मध्यावरच रहावा अशी त्याची योजना केलेली असते. लाल दिवा तर संकट दाराशीं आल्यावरच लागतो. यास्तव मामांनीं अंश दाखविणारा निराळा तापमापक विकत आणला.

या तापमापकाचे दोन भाग असतात. इंजिनाच्या पाण्यांत बुडणारा संवेदक हा एक, व केबिनमधील तबकडी हा दुसरा. संवेदकाच्या पोटांत थर्मिस्टर नांवाचा लहानसा मणी असतो. उष्णता वाढली कीं विद्युत्प्रवाहास होणारा त्याचा विरोध कमी होतो, आणि त्या फरकानें तबकडीवरील कांटा पुढें सरकतो. इंजिनांतील थर्मोस्टॅट बहुधा ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडूं लागतो. रेडिएटरच्या घट्ट झाकणामुळें आंतील दाब वाढतो, म्हणून तें पाणी १०० अंशांवर लगेच उकळत नाहीं. चढावर कांटा थोडा वर जाऊन स्थिरावला तर चिंता नसते. तो वर चढतच राहिला तर मात्र गाडी थांबविली पाहिजे.

तापमापक बसवितांना प्रथम आम्हीं घाई केली, हें मला कबूल केलें पाहिजे. दोन्हीं बाजूंनीं चिकटणाऱ्या पट्टीनें तो कांचेजवळ चिकटविला, तार जेथें फट दिसली तेथून आंत घेतली, आणि फ्यूज न घालतांच जोडली. तिसऱ्या दिवशीं उन्हानें पट्टी सुटली व तापमापक मामांच्या पायांशीं, ब्रेकच्या अगदीं जवळ, येऊन पडला. तार उचलून पाहतों तों पत्र्याच्या धारदार कडेवर घासून तिचें आवरण निघत आलें होतें. आणखी चार दिवसांनीं उघडी तार पत्र्यास लागून आगच लागली असती. तेव्हां आम्हीं सर्व काढून टाकलें आणि काम पुन्हां मुळापासून केलें. त्याचा क्रम खालीं देत आहें.

पहिली गोष्ट जागेची. चालकाची नजर रस्त्यावरून क्षणभरच ढळावी, अशा ठिकाणीं तबकडी हवी. कांचेशेजारील खांब सोयीचा दिसतो. परंतु कांहीं गाड्यांत त्याच्या आवरणामागें अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी असते. तेथें भोंक पाडूं नये व कांहीं चिकटवूंही नये. आम्हीं स्टीअरिंगच्या उजवीकडील मोकळा भाग निवडला. मामांना नित्याच्या आसनावर बसवून ५२ मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची तबकडी तेथें धरून पाहिली. तबकडीचें तोंड चालकाच्या डोळ्यांकडे वळलेलें असावें. कांटा व अंक यांत थोडें अंतर असतें, त्यामुळें बाजूनें पाहिल्यास आंकडा चुकतो. मनगटी घड्याळाचा मिनिटकांटा तिरपा पाहून हा दृष्टिभेद तुम्हीं घरींच तपासून पहा.

दुसरी गोष्ट भोंकाची. मागें पुरेशी खोली आहे कीं नाहीं व तेथून दुसऱ्या तारा जातात काय, हें आधीं पाहिलें. पृष्ठभागावर कागदी चिकटपट्टी लावून वर्तुळ आंखलें, भोंक किंचित् लहान पाडलें व कानशीनें घासून बेताचें केलें. लहान भोंक मोठें करतां येतें, मोठें झालेलें लहान करतां येत नाहीं. तबकडी मागच्या पट्टीनें आवळण्यापूर्वीं ती थोडी फिरवून घेतली, म्हणजे नित्याच्या उष्णतेस कांटा सरळ उभा राहील. मग आंकडा वाचावा लागत नाहीं. कांटा कलला एवढें ओझरतें दिसलें तरी पुरतें.

तिसरी गोष्ट तारांची. काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी. इंजिन व केबिन यांमधील पत्र्यांतून तार नेतांना भोंकाच्या कडेस रबराचें कडें, ज्यास मिस्त्री लोक ग्रोमेट म्हणतात, तें अवश्य बसवावें. तार धुराड्याच्या तप्त नळीपासून व पायांखालील पेडलांपासून दूर ठेवून जागोजागीं बांधावी. किल्ली फिरविल्यावरच जीत प्रवाह येतो अशा तारेवरून वीज घ्यावी, आणि फ्यूज वीज घेतली त्या ठिकाणाजवळच घालावा.

चौथी गोष्ट संवेदकाची. तो इंजिन पूर्ण थंड असतांनाच बसवावा. तापलेल्या रेडिएटरचें झाकण उघडल्यास उकळतें पाणी अंगावर उडतें. रबरी नळीच्या मध्यें धातूचा जोड घालून त्यांत संवेदक बसविला असेल, तर त्या जोडास अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी लागते, कारण रबरांतून वीज वाहत नाहीं. ही तार राहिली तर तापमापक मुकाच राहतो किंवा खोटें सांगतो.

बसविण्यापूर्वीं आम्हीं त्याची परीक्षाही घेतली. संवेदक व तबकडी तात्पुरतीं जोडून संवेदकाचें टोंक उकळत्या पाण्यांत धरलें. रत्नागिरी समुद्रकांठीं असल्यामुळें तेथें उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें १०० अंशांवर उकळतें, आणि कांटाही तेथेंच जाऊन थांबला.

एक सावधगिरी मात्र सदैव बाळगावी. संवेदक ज्यांत बुडाला आहे त्याचीच उष्णता तो सांगतो. पाणी गळून तो उघडा पडला, तर इंजिन तापलेलें असूनही कांटा खालीं राहूं शकतो. म्हणून सकाळीं इंजिन थंड असतां पाणी पाहण्याची संवय सोडूं नये.

पुढल्या वैशाखांत मामा त्याच घाटांत, तशाच भरल्या गाडीनें चढत होते. कांटा सरळ उभा असावयाचा, तो कलूं लागला आणि कलतच राहिला. मामांनीं रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली, इंजिन निवूं दिलें, मग जाळींत अडकलेला पाचोळा हातानें काढला व तासाभरानें पुढें निघाले. आंबे संध्याकाळीं कोल्हापुरास पोंचले. रात्रीं त्यांचा फोन आला तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "या खेपेला त्यानें आधीं सांगितलें."

विद्यार्थ्यांनो, त्या ग्रोमेटची किंमत फार थोडी, आणि बसविल्यावर तें कोणास दिसतही नाहीं. पहिल्या वेळीं आम्हीं नेमकें तेंच वगळलें होतें. तुमच्या हातून जें काम होईल त्याचा न दिसणारा भाग तुम्हीं वगळूं नका, एवढेंच सांगून हा पाठ पुरा करतों.