एकच वीर, निरनिराळीं रूपें

सुपरमॅन हें नांव तुम्हांस ठाऊक आहे, तसेंच तें तुमच्या आईवडिलांसही ठाऊक आहे. परंतु कित्येक घरांत वडिलांस प्रिय असलेला सुपरमॅन हसतमुख व निःशंक असतो, तर मुलास आवडणारा गंभीर व स्वतःशींच झगडणारा असतो. मग ‘खरा कोणता?’ असा वाद निघतो. त्या वादाच्या मुळाशीं काय आहे, याचा थोडा विचार करूं.

अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत राहणाऱ्या जेरी सीगल व जो शुस्टर या दोन ज्यू तरुणांनीं हा वीर निर्माण केला. १९३८ सालीं ‘ॲक्शन कॉमिक्स’ या चित्रमासिकाच्या पहिल्या अंकांत तो वाचकांपुढें आला. त्या वेळीं त्याला उडतां येत नसे. तो केवळ प्रचंड उड्या मारी. १९२९ सालीं सुरू झालेल्या आर्थिक मंदीनें त्या देशांतील लाखों लोक देशोधडीस लागले होते. म्हणून त्याचे आरंभींचे शत्रु आपल्या ओळखीचेच आहेत: बायकोस मारणारा नवरा, मजुरांच्या जिवाची पर्वा न करणारा खाणमालक. गांजलेल्या वाचकास असाच कैवारी हवा होता. पुढें १९४६ सालीं रेडिओवरील कथेंत याच वीरानें कू क्लक्स क्लॅनच्या धर्तीवर रंगविलेल्या वंशद्वेष्ट्या टोळीशीं सामना दिला.

कांहीं वर्षांनीं पालकांस निराळीच चिंता वाटूं लागली. चित्रकथांनीं मुलें बिघडतात अशी ओरड झाली, आणि १९५४ सालीं प्रकाशकांनीं स्वतःवर नियम घालून घेतले. प्रत्येक कथेंत सज्जनांचा जय झालाच पाहिजे, असें ठरलें. कथा निर्धोक झाल्या खऱ्या. पण वाढत्या वयाच्या वाचकांस त्यांत आपलें जीवन दिसेना. १९६२ सालीं आलेला स्पायडरमॅन हा शाळकरी पोर, पैशाची चणचण सोसणारा. एका चोरास त्यानें बेपर्वाईनें निसटूं दिलें, आणि त्याच चोराच्या हातून त्याच्या काकांचा वध झाला. ‘चुकतो तोही वीर होऊं शकतो,’ हा दिलासा त्या वाचकांस फार मोलाचा वाटला.

२०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटांत सुपरमॅन एका कुटुंबाचे प्राण वाचविण्यासाठीं शत्रूची मान मोडतो. कित्येक प्रेक्षकांस हें खरेंखुरें वाटलें; कित्येकांस मात्र आपला वीरच हरपल्यासारखें झालें. २०२५ सालच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटांत तोच वीर घनघोर धुमश्चक्रींत एका लहानशा खारीस वाचविण्यास धांवतो.

लहान मुलास आधीं अभय हवें असतें. कोणी तरी बलवान आपल्या पाठीशीं आहे, एवढें त्याला पुरे. तें मूल मोठें झालें म्हणजे चांगुलपणाची किंमत द्यावी लागते हें त्यास कळूं लागतें, आणि ती किंमत देतांना वीराचें काय होतें हें त्यास पाहावयाचें असतें. जगाचा कडूपणा पुष्कळ चाखलेल्या माणसास पुन्हां साधी दया पाहण्याची तहान लागते. यांतील कोणतीच इच्छा खोटी नव्हे. म्हणून दुसऱ्याच्या आवडत्या रूपास नांवें ठेवण्यापूर्वीं, त्याला कशाचें भय वाटतें व कशाची आशा वाटते, हें विचारावें.

तथापि प्रेक्षकांची प्रत्येक मागणी पुरवावी, असें मात्र नाहीं. वीराचा वेष बदलो, स्वभाव बदलो, तो हरो कीं रडो. परंतु आपलें बळ दुर्बळांच्या कामीं यावें ही त्याची तळमळ सुटली, तर उरतो तो नुसता बलदंड माणूस. सूड पाहून आपण टाळ्या वाजवूं लागलों, म्हणजे पडद्यावरील वीरापेक्षां आपल्या मनाचीच परीक्षा अधिक होत असते. पुढील चित्रपट पाहतांना आपण कोणत्या प्रसंगीं टाळी वाजवितों, याकडे प्रत्येकानें अवश्य लक्ष द्यावें.