कालवडीची भीती कशी घालवावी

पहिलारू गाय धारेच्या वेळी लाथा झाडते, पान्हा चोरते. आणि दोष तिच्या स्वभावास दिला जातो. पुष्कळदा त्याचे मूळ वासरपणी माणसाविषयी बसलेल्या भीतीत असते.

गाय भ्याली म्हणजे तिच्या रक्तात ॲड्रेनलीन हे द्रव्य वाढते आणि पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिन या द्रव्याच्या कार्यास अडथळा येतो. १९४१ साली अमेरिकेतील एली व पीटरसन या शास्त्रज्ञांनी गाईंना मुद्दाम भिववून पाहिले, तेव्हा दूध उतरणे अडले.

याकरिता वासरापाशी पहिल्या आठवड्यांपासून रोज थोडा वेळ थांबावे, हळू बोलावे व त्याची मान आणि गळ्याची पोळी कुरवाळावी. गाई एकमेकींना पुष्कळदा मानेवर चाटतात. कालवड गाभण असता तिच्या पाठीवरून व कासेवरून हात फिरवावा. काठी मारणे, शेपूट पिरगळणे व ओरडणे कटाक्षाने टाळावे.

प्रगतीची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या कालवडीकडे समोरून सावकाश चालत जावे व ती किती पावलांवर मागे सरते हे मोजावे. महिन्याने हे अंतर घटले, तर भीती ओसरू लागली असे समजावे. ग्रामकार्यकर्त्यांनी ही परीक्षा प्रत्यक्ष गोठ्यात करून दाखवावी.