बसविलेले दात आणि लाळेची परीक्षा

दात पडले की कवळी, ही आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळची रीत होती. आता पुष्कळ कुटुंबांत जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचे मूळ रोवून त्यावर दात बसवून घेतात. यासच इम्प्लांट म्हणतात. खर्च मोठा, उपचारास काही महिने लागतात. म्हणून एकदा दात बसला की जन्माची काळजी मिटली, अशी समजूत सहज होते. या दाताला कीड लागत नाही हे खरे. परंतु त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड हे आपल्या देहाचेच भाग होत, आणि त्यांना रोग होऊ शकतो. तो रोग आरंभीच ओळखण्यास आपल्या तोंडातील लाळ कशी उपयोगी पडते, हे येथे पाहावयाचे आहे.

धातू आणि हाड यांची जोड

1952 च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण ते परत काढू गेले, तेव्हा ते निघेना. हाड त्या धातूला घट्ट धरून वाढले होते. याच गुणाचा उपयोग करून 1965 साली गोटेबोर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. ती त्या रुग्णाला सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, पुरली. सांभाळ नीट झाला तर असे दात किती टिकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुखत नाही म्हणून निरोगी नव्हे

नैसर्गिक दाताच्या मुळापासून बारीक तंतू निघून हिरडीत व हाडात रुतलेले असतात. धातूच्या मुळाला असे तंतू रुतत नाहीत. हिरडी त्याला केवळ वेढून बसते. त्यामुळे जंतूंचा थर साचला तर आत शिरणाऱ्या सुजेला अडसर कमी.

या रोगाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त हिरडी सुजते, लाल होते, स्पर्श होताच रक्त येते. दुसरीत हाड झिजू लागते. पहिली पायरी बहुधा परतविता येते. दुसरीत गेलेले हाड पूर्ववत् मिळविणे फार अवघड असते. आणि दोन्हींत पुष्कळदा वेदना नसते.

पहिली पायरी परतते, हे कसे कळले? 1965 सालीच डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या; स्वच्छता पुन्हा सुरू करताच त्या सुधारल्या. हा प्रयोग होता नैसर्गिक दातांवर. पुढे 1994 साली बसविलेल्या दातांभोवती तसाच प्रयोग झाला आणि थर साचू दिल्यावर तेथेही तीन आठवड्यांत सूज आली. 2015 साली गोटेबोर्गच्या संशोधकांनी अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात इम्प्लांट असलेल्यांपैकी सरासरी 43 टक्के लोकांना पहिल्या पायरीची, तर 22 टक्के लोकांना दुसऱ्या पायरीची बाधा आढळली. निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे परस्परांपासून बरेच दूर होते. तरीही हा रोग विरळा नाही, एवढे यावरून निश्चित कळते.

लाळ काय सांगते

हिरडी आणि हाड यांना बळकटी देणारे मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजन. बेडकाच्या पिलाची शेपटी झडते ती कशी, याचा शोध घेताना 1962 साली जेरोम ग्रॉस व शार्ल लापिएर यांना कोलॅजन तोडणारे एन्झाइम सापडले. त्याच कुळातील एक एन्झाइम, एमएमपी-8, आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत साठविलेले असते. जंतूंशी लढण्यास या पेशी हिरडीत जमल्या की ते बाहेर पडते, जागृत होते आणि कोलॅजन तोडू लागते. हिरडीच्या कडेतून पाझरणाऱ्या द्रवाबरोबर ते लाळेत उतरते. डोळ्यांना काही दिसण्यापूर्वीच त्याचे प्रमाण वाढू शकते.

फिनलंडमधील हेलसिंकी येथे टिमो सॉर्सा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जागृत एन्झाइमचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि त्यातून दवाखान्यात खुर्चीशेजारीच करता येणारी चाचणी तयार झाली. शुद्ध पाण्याने अर्धा मिनिट चूळ भरून ते पाणी गोळा करतात व त्याचे थेंब पट्टीवर टाकतात. कोविडच्या साथीत घरोघरी पाहिलेल्या पट्टीसारखीच ही पट्टी. पाच-दहा मिनिटांत रेघ उमटते. दुसऱ्या प्रकारात बसविलेल्या दाताच्या कडेलाच कागदाची बारीक पट्टी ठेवून तेथला द्रव टिपून घेतात.

2017 साली जर्मनीतील व्युर्झबुर्ग विद्यापीठाच्या लोरेन्झ माइनेल यांच्या गटाने आणखी एक कल्पना प्रसिद्ध केली. अतिशय कडू असे एक द्रव्य सूक्ष्म साखळीने बांधून ठेवावयाचे व ते च्युइंगममध्ये घालावयाचे. तोंडात सूज असेल तर तेथील एन्झाइम ती साखळी तोडते आणि जिभेला कडू चव लागते. उपकरण नको, प्रयोगशाळा नको. परीक्षक आपली जीभच!

परीक्षेची मर्यादा

तथापि एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. चुळीची परीक्षा साऱ्या तोंडाविषयी बोलते. शेजारच्या नैसर्गिक दाताची हिरडी सुजली असली तरीही रेघ उमटेल. धूर दिसला म्हणजे आग कोठे तरी आहे एवढे कळते. कोणत्या खोलीत, ते आत जाऊनच पाहावे लागते. म्हणून खुणांच्या बारीक सळईने हिरडीची खोली मोजणे, रक्त येते का पाहणे आणि क्ष-किरणाने हाड तपासणे, यांची जागा लाळ घेऊ शकत नाही. उलट रेघ उमटली नाही म्हणून तपासणी टाळणेही योग्य नव्हे. लाळ ही जागल्या आहे, न्यायाधीश नव्हे.

घरात काय करावे

दात बसविल्यानंतर लगेचचा क्ष-किरण फोटो व मापांची नोंद मागून घ्यावी आणि घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. पुढे हाड झिजले की नाही, हे ठरविण्यास तुलनेला तीच लागते. दिवसातून दोन वेळा ब्रशने, आणि दातांच्या फटींत बारीक ब्रशने स्वच्छता करावी. पूर्वी हिरड्यांचा रोग झालेल्यांनी अधिक सावध असावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे सूज झाकली जाते. त्यांनी रक्त येत नाही यावर विसंबू नये. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. ठरल्या वेळी, मग ते तीन महिने असोत वा सहा, दंतवैद्याकडे जावे आणि लाळेची चाचणी तेथे उपलब्ध असेल तर तिच्याविषयी विचारावे.

घरातील वृद्धांचे हात थरथरतात, नजर मंदावते. दात स्वच्छ झाले की नाही हे त्यांना कळत नाही. आठवड्यातून एकदा उजेडात बसवून त्यांची हिरडी पाहण्याचे काम मुलासुनांनी वा नातवंडांनी अंगावर घ्यावे. लाली दिसली वा रक्त आले, तर दुखण्याची वाट न पाहता वैद्याकडे न्यावे. हाड झिजण्यापूर्वीचे ते थोडे दिवसच उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात.