घामाचे मोल मागणारी सुझान

जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो. पैलवान घाम गाळतात. जो जिंकतो त्याला फेटा बांधतात आणि वर रोख इनाम देतात. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. वर्षभर तालमीत मेहनत केली ती पैलवानाने. मग इनामही त्याचेच.

पण टेनिस नावाच्या खेळात पुष्कळ वर्षे असे नव्हते. खेळ पाहायला हजारो लोक येत. तिकिटाचे पैसे मोजत. ते पैसे खेळ भरवणाऱ्या मंडळींकडे जात. खेळणाऱ्याच्या हाती काय येई? एखादा चषक आणि टाळ्या. कुणी पैसे घेऊन खेळला, तर त्याला मोठ्या स्पर्धांतून बाहेर काढीत.

फ्रान्स देशातल्या एका बाईने या नियमाला उघड आव्हान दिले. तिचे नाव सुझान लांग्लेन. तिची ही हकिगत.

१. हा खेळ कसा असतो?

आधी खेळ समजून घेऊ. एक सपाट, आखलेले मैदान असते. मधोमध जाळे बांधलेले असते. जाळ्याच्या दोन बाजूंना दोन खेळाडू उभे राहतात. त्यांच्या हातात रॅकेट असते. त्या काळी रॅकेट लाकडाची असे आणि तिची जाळी तातीची असे.

चेंडू जाळ्यावरून पलीकडे मारायचा. तो रेघांच्या आत पडला पाहिजे. समोरच्याला तो परतवता आला नाही, की आपल्याला गुण मिळतो. असे निदान चार गुण मिळवून गेम जिंकायचा. सहा गेम जिंकले की एक सेट होतो. पण दोन गेमचे अंतर हवे. त्या काळी ते अंतर पडेपर्यंत सेट चालूच राही. बायकांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकणारी विजयी ठरते.

एवढे कळले म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

२. बापच गुरू झाला

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिस शहरात झाला. लहानपणी ती अशक्त होती. तिला दम्याचा त्रास होता. मोकळ्या हवेत खेळली तर पोरीची तब्येत सुधारेल, असे तिचे वडील शार्ल यांना वाटले. १९१० साली त्यांनी तिला एक रॅकेट आणून दिली. सुझान तेव्हा अकरा वर्षांची होती.

हे कुटुंब हिवाळ्यात दक्षिणेला, समुद्रकाठच्या नीस शहरात राहायला जाई. तिथे नावाजलेला टेनिस क्लब होता. शार्ल तिथे जाऊन बसत. चांगले खेळाडू कसे खेळतात, पाय कसे टाकतात, चेंडू कुठे मारतात, ते टक लावून पाहत. मग घरी येऊन मुलीला शिकवत.

त्या काळी बहुतेक बायका मैदानाच्या मागच्या रेघेजवळ उभ्या राहून सावकाश खेळत. शार्ल म्हणाले, तू तशी खेळायची नाहीस. पुरुष खेळतात तशी धावायचे, जाळ्याजवळ यायचे, अंगातला जोर लावायचा. सराव करायला त्यांनी पुरुष खेळाडूच तिच्यासमोर उभे केले.

नेम धरायला त्यांनी एक युक्ती काढली. मैदानावर एक हातरुमाल टाकायचा. सुझानने चेंडू बरोबर त्यावर पाडायचा. पाडता आला की रुमालाची घडी घालायची. पुन्हा पाडला की आणखी लहान घडी. असे रोज तासन् तास चाले. बाप मोठा कडक. चुकले की पोरीला बोल लावी. कौतुक क्वचितच करी.

१९१४ साली सुझानने पॅरिसजवळ भरलेली जागतिक स्पर्धा जिंकली. त्याच दिवसांत तिला पंधरावे वर्ष पूर्ण झाले होते. पण त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पुढची चार वर्षे मोठ्या स्पर्धा बंद पडल्या. सुझानचा सराव मात्र बंद पडला नाही.

३. विंबल्डनचा सामना

इंग्लंडमध्ये लंडन शहरात विंबल्डन नावाचा भाग आहे. तिथली टेनिस स्पर्धा जगात सर्वांत मानाची. युद्ध संपल्यावर १९१९ साली ती पुन्हा भरली. वीस वर्षांची सुझान तिथे पहिल्यांदाच गेली. विंबल्डनचे मैदान गवताचे. सुझानला गवतावर खेळायची सवय नव्हती.

त्या काळी आधीची विजेती फक्त शेवटच्या सामन्याला उतरे. बाकीच्यांनी आपसांत खेळायचे आणि जी उरेल तिने विजेतीला आव्हान द्यायचे. आधीची विजेती होती डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. वय चाळीस. तिने विंबल्डन सात वेळा जिंकले होते.

शेवटच्या सामन्याला इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी आले होते. प्रेक्षकांनी जागा खच्चून भरली होती. चेंबर्सबाईंचा झगा जवळजवळ घोट्यापर्यंत आणि बाह्या लांब. सुझानचा झगा पोटरीपर्यंतच, आणि हात कोपरापासून उघडे. त्या काळी बायका पोटाला आवळून जी ताठ कमरचोळी बांधत, तीही तिने घातली नव्हती. कारण साधे होते. आवळलेल्या अंगाने धावता येत नाही. पण तिचा पोशाख पाहून पुष्कळांनी नाके मुरडली.

पहिला सेट सुझानने जिंकला, १०-८ असा. दुसरा चेंबर्सबाईंनी जिंकला, ६-४ असा. तिसऱ्या सेटमध्ये दोघी दमून गेल्या. चेंबर्सबाई ६-५ अशा पुढे गेल्या. आता त्यांना फक्त एक गुण हवा होता. तो मिळवायच्या दोन संधी त्यांच्या हातात होत्या. एका वेळी सुझानची रॅकेट चेंडूपर्यंत कशीबशी पोचली. चेंडू रॅकेटच्या लाकडी कडेला लागला आणि जाळ्यावरून पलीकडे पडला! दुसरी संधीही गेली. सुझान सावरली आणि तिने तो सेट ९-७ असा जिंकला.

नशिबाने साथ दिली, असे कुणी म्हणेल. दिलीच. पण नशिबाची गाठ पडेपर्यंत मैदानात टिकून राहावे लागते. ते टिकणे सुझानचे होते.

४. गर्दी कुणामुळे?

या सामन्यानंतर सुझानचे नाव घरोघरी झाले. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिकचे खेळ झाले. तिथे तिने एकेरीचे सुवर्णपदक घेतले. एकेरीच्या सगळ्या सामन्यांत मिळून तिने फक्त चार गेम गमावले.

लोक तिचा खेळ पाहायला रांगा लावू लागले. ती नाचल्यासारखी हलके हलके धावे, मध्येच उंच उडी घेई. डोक्याला रंगीत रेशमी पट्टा बांधी. मुली तसाच पट्टा बांधू लागल्या. विंबल्डनचे जुने मैदान अपुरे पडू लागले. १९२२ साली ते सोडून दुसरीकडे मोठे मैदान बांधले. गर्दी वाढायला एक मोठे कारण सुझान होती.

तिला अपयश आलेच नाही, असे मात्र नाही. १९२१ साली ती लांबचा समुद्रप्रवास करून अमेरिकेला गेली. तिथे मोला मॅलरी या खेळाडूपुढे तिचे काही चालेना. पहिला सेट गेला. दुसरा सुरू होताच तिला खोकल्याची उबळ आली. ती रडत मैदान सोडून निघाली. लोकांनी तिची हुर्यो उडवली. दुखण्याचे ढोंग करते, असे म्हणाले.

पुढच्या वर्षी विंबल्डनच्या शेवटच्या सामन्यात समोर तीच मोला मॅलरी आली. सुझानने तिला ६-२, ६-० असे हरवले. सामना २६ मिनिटांत संपला.

सुझानने एकेरीत विंबल्डन सहा वेळा जिंकले. १९१९ ते १९२३ ही सलग पाच वर्षे आणि मग १९२५ साल. मधल्या १९२४ साली तिला काविळीमुळे स्पर्धा अर्धवट सोडावी लागली. १९१९ ते १९२६ या काळात एकेरीत ती हरली ती एकदाच, अमेरिकेतल्या त्या सामन्यात.

५. झाडावरचे प्रेक्षक

१६ फेब्रुवारी १९२६. फ्रान्समधल्या कान शहरात सुझानचा सामना अमेरिकेच्या हेलन विल्सशी ठरला. हेलन वीस वर्षांची, चढत्या दमाची. तिकिटांचे भाव भडकले. ज्यांना तिकीट मिळाले नाही ते झाडांवर चढले, घरांच्या छपरांवर बसले.

पहिला सेट सुझानने ६-३ असा घेतला. दुसऱ्यात ती ६-५ अशी पुढे होती. शेवटच्या गुणाला हेलनने चेंडू मारला आणि कुणीतरी ओरडले, “बाहेर!” सामना संपला असे सगळ्यांना वाटले. दोघींनी हात मिळवले. लोक फुले घेऊन मैदानात घुसले. इतक्यात रेघेवरचा पंच पुढे आला. तो म्हणाला, मी ओरडलो नाही. चेंडू आतच पडला होता. ओरडला होता प्रेक्षकांतला कुणीतरी.

हाती आलेला विजय परत गेला. लोकांना बाहेर काढून खेळ पुन्हा सुरू झाला. सुझानने तो गेम गमावला. तिचा दम संपत आला होता. तरी ती नेटाने खेळली आणि सेट ८-६ असा जिंकली.

आता विचार करा. त्या दिवशी एवढी माणसे कुणाला पाहायला आली होती? या दोघींना. पण दोघी हौशी खेळाडू. म्हणून तिकिटाच्या पैशावर दोघींचाही हक्क नव्हता.

६. “मी का घेऊ नयेत?”

हा नियम कुणी केला? टेनिस हा मूळचा सुखवस्तू लोकांचा खेळ. त्यांना पैशाची ददात नव्हती. ते म्हणत, पैसा आला की खेळ बाटतो. ऐकायला हे बरे वाटते. पण रोज राबून पोट भरणाऱ्याने सराव कधी करायचा? दूरच्या गावी खेळायला कशाच्या बळावर जायचे? म्हणजे नियम सर्वांना सारखा दिसे, पण झळ बसे ती गरिबाला.

शिवाय त्यात लबाडीही होती. प्रवासखर्चाच्या नावाखाली काही नामांकित खेळाडूंना गुपचूप पैसे मिळत. चोरून घेतलेले चाले. उघड मागितलेले चालत नसे.

सुझान काही गरिबाघरची नव्हती. पण वडिलांची तब्येत ढासळली होती आणि पुढची चिंता होती. त्यातच १९२६ च्या विंबल्डनमध्ये सामन्याच्या वेळेचा घोटाळा झाला. राणी मेरी बसून राहिल्या आणि सुझान वेळेवर आली नाही. वर्तमानपत्रांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. ती स्पर्धा सोडून गेली.

त्याच वर्षी पाइल नावाच्या अमेरिकन माणसाने तिच्याशी करार केला. गावोगावी सामने खेळायचे आणि त्याबद्दल ५०,००० डॉलर घ्यायचे. सुझानने सही केली. एवढी नावाजलेली खेळाडू उघडपणे धंदेवाईक झाली, ही टेनिसमधली नवीनच गोष्ट होती.

लोक म्हणाले, ही पैशाला भुलली. सुझानने आपली बाजू मांडली. तिचे म्हणणे थोडक्यात असे: इतकी वर्षे माझ्या खेळावर दुसऱ्यांनी लाखो कमावले. मी आयुष्य या कामाला दिले. मग माझ्या कामाचे पैसे मी का घेऊ नयेत?

या प्रश्नाचे उत्तर कुणी नीट दिले नाही. शिक्षा मात्र दिली. विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांचे दरवाजे तिला कायमचे बंद झाले.

ऑक्टोबर १९२६ मध्ये न्यूयॉर्क शहरात तिचा पहिला धंदेवाईक सामना झाला. पुढे काही महिने ती अमेरिका, कॅनडा, क्यूबा आणि मेक्सिको या देशांत खेळली. मेरी ब्राउन या खेळाडूशी तिचे ३८ सामने झाले. ते सगळे तिने जिंकले.

७. पुढे काय झाले?

त्यानंतर सुझान हळूहळू सामन्यांतून बाजूला झाली. पॅरिसमध्ये ती मुलांना टेनिस शिकवू लागली. ४ जुलै १९३८ रोजी रक्तक्षयाच्या आजाराने ती वारली. तेव्हा ती अवघी ३९ वर्षांची होती.

तिचा प्रश्न मात्र मेला नाही. १९६८ साली विंबल्डनने हौशी आणि धंदेवाईक हा भेद काढून टाकला आणि जिंकणाऱ्यांना रोख बक्षीस दिले. सुझानने करार केला त्याला तेव्हा ४२ वर्षे झाली होती.

तरीही एक गोष्ट राहिलीच. त्या वर्षी जिंकलेल्या पुरुषाला २,००० पौंड मिळाले, जिंकलेल्या बाईला ७५० पौंड. हा फरक जाण्यासाठी बाया पुढेही भांडत राहिल्या. विंबल्डनमध्ये दोघांना सारखे बक्षीस मिळू लागले ते २००७ साली.

पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत एका मैदानाला सुझानचे नाव दिले आहे. तिथे एकेरीत जिंकणाऱ्या बाईला तिच्याच नावाचा चषक देतात. आणि चषकाबरोबर पैसेही देतात. ते घेताना आता कुणी खाली मान घालत नाही.

शब्दांचे अर्थ

हौशी खेळाडू – पैसे न घेता खेळणारा
धंदेवाईक खेळाडू – खेळावर पोट भरणारा
तात – जनावराच्या आतड्यापासून केलेली चिवट दोरी
ददात – उणीव, टंचाई
हुर्यो – ओरडून केलेली थट्टा
करार – दोघांनी लिहून ठरवलेली बोली

वाचा आणि सांगा

१. सुझानचा नेम पक्का व्हावा म्हणून वडिलांनी कोणती युक्ती केली?
२. सुझानने आवळ कमरचोळी का घातली नाही?
३. कानच्या सामन्यात “बाहेर” असे कोण ओरडले? पंचाने काय केले?
४. हौशी खेळाडूचा नियम गरिबाला जाचक का होता?
५. काम एकाचे आणि मोल दुसऱ्याला, असे तुम्ही कुठे पाहिले आहे काय? वर्गात सांगा. मग त्याबद्दल चार ओळी आपल्या हाताने लिहा.