हळदीचा रंग आणि प्रयोगशाळेची कसोटी

मेळघाटातील धारणीच्या आठवडी बाजारात आसपासच्या कोरकू गावांतील लोक तेल, मीठ, मिरचीबरोबर सुटी हळदही खरेदी करतात. हळद पारखण्याची ग्राहकाची कसोटी बहुधा एकच असते, ती म्हणजे रंग. पिवळाधमक माल तो उत्तम, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. भेसळ करणारा नेमका तिचाच फायदा घेतो. निस्तेज हळकुंडे उजळ दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हे पिवळे रंगद्रव्य चोळण्याचे प्रकार भारतात व बांगलादेशात उघडकीस आले आहेत.

या द्रव्यातील शिसे शरीरात साचत जाते व मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास शिसे अधिक प्रमाणात शोषले जाते. म्हणून कुपोषणाशी झुंजणाऱ्या मेळघाटासारख्या भागात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

डोळ्यांना न दिसणारे प्रमाण

हळदीत शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. लेड क्रोमेटच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसेच असते. म्हणजे एक किलो हळदीत केवळ एक ग्रॅम लेड क्रोमेट मिसळले, तरी मर्यादेच्या सुमारे ६४ पट शिसे पोटात जाण्याची सोय होते. पाण्यात हळद टाकून रंग पाहण्याची घरगुती चाचणी संशय निर्माण करू शकते; परंतु शिशाचे प्रमाण सांगू शकत नाही. ते काम प्रयोगशाळेचे होय.

पद्धतीचीही परीक्षा

प्रयोगशाळेत हळदीचा तोललेला नमुना नायट्रिक आम्लात तापवून विरघळवितात आणि अणुशोषण वर्णपटमापकाने शिसे मोजतात. तथापि, यंत्राने आकडा दिला म्हणजे तो खरा ठरत नाही. पद्धतीचीच आधी परीक्षा घ्यावी लागते. हळद न घालता हीच कृती करून भांड्यांतून व आम्लातून शिसे येत नाही ना, हे पाहतात. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी यंत्राचे माप जुळवितात. नमुन्यात मोजून शिसे मिसळतात व त्यातील किती परत मिळते ते तपासतात. हीच मोजणी पुनःपुन्हा, तसेच दुसऱ्या प्रयोगशाळेतही करून पाहतात. एवढ्या कसोट्यांना उतरलेला आकडाच न्यायालयात टिकतो, आणि निर्दोष व्यापाऱ्यासही त्याचेच संरक्षण मिळते.

गावाचा वाटा

उत्तम यंत्रही सदोष नमुन्यापुढे हतबल असते. रंगद्रव्य मालात सारखे पसरलेले नसते. म्हणून वरवरची चिमूट न घेता पोत्यातील निरनिराळ्या थरांतील माल एकत्र करून, स्वच्छ व कोरड्या डब्यात मोहोरबंद करणे अगत्याचे आहे. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार अन्नसुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतात आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. याच अधिनियमाच्या ४० व्या कलमानुसार सामान्य ग्राहकासही शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. या तरतुदीची माहिती ग्रामसभेत व शाळेत दिली गेली पाहिजे.

तपासणीला कारवाईची जोड मिळाल्यास काय साधते, हे बांगलादेशाने दाखविले आहे. तेथे २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसे आढळले होते. जनजागृती व दंडात्मक कारवाईनंतर २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते आढळले नाही. धारणीच्या ग्राहकाने झगझगीत रंगाचा मोह सोडला आणि पंचायतीने शंकास्पद माल प्रयोगशाळेपर्यंत पोहोचविला, तर मेळघाटातील मुलांच्या ताटातील हे विष वेळीच रोखता येईल.