वेचे, अध्यापन आणि स्वामित्वहक्क

अध्यापनासाठी ग्रंथांतील उतारे उचलण्याचा प्रश्न झेरॉक्स यंत्राने निर्माण केला, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः कलकत्ता उच्च न्यायालयासमोर तो १८९० मध्येच आला होता. पॅलग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी' (१८६१) या संग्रहातील कविता घेऊन व त्यांना टिपा जोडून सुरेशचंद्र देव यांनी विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढले. मॅकमिलनने दावा लावला. कविता सर्वांना खुल्या होत्या. तथापि त्यांची निवड हे अभिरुचीचे व परिश्रमाचे फळ असून ते दुसऱ्यास उचलता येणार नाही, असा निर्णय झाला.

१९५७ च्या अधिनियमाने शिक्षकासाठी दोन निरनिराळ्या वाटा ठेवल्या. प्रकाशित पाठ्यसंग्रहात हक्कबद्ध साहित्यातील छोटे वेचे घेता येतात, पण एका प्रकाशकाला पाच वर्षांत एका लेखकाचे दोनच. उलट, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना अशी संख्येची मर्यादा नाही. हा भेद कोलकात्यात अधिक जाणवतो. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपावयाचा होता. मुदत पन्नासाची साठ वर्षे झाली आणि विश्वभारतीकडे तो २००१ अखेरपर्यंत राहिला. (साने गुरुजींचे साहित्यही याच वाढीमुळे २००० ऐवजी २०१० अखेर खुले झाले.) त्या दहा वर्षांत रवींद्रनाथांच्या कवितांचा संग्रह छापणाऱ्यास अनुमती घ्यावी लागे, वर्गापुरती प्रत काढणाऱ्यास नव्हे.

ही दुसरी वाट कुठवर जाते, याची परीक्षा दिल्लीत झाली. ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ व रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांवर दावा केला. तेथे विकल्या जाणाऱ्या अभ्याससंचांत निरनिराळ्या ग्रंथांतील पृष्ठे होती. म्हणजे निवड अध्यापकांची होती, प्रकाशकाची नव्हे. १८९० च्या प्रकरणाहून हा भेद मूलगामी आहे. वादविवादात मात्र त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला. डिसेंबरात खंडपीठाने 'शिकवण्याचा ओघ' तासापुरता नसून संपूर्ण अभ्यासक्रमाला व्यापतो असे मानले आणि औचित्याची कसोटी पृष्ठसंख्येऐवजी प्रयोजनात शोधली. परंतु संचातील मजकूर अध्यापनास खरोखर आवश्यक होता काय, आणि संपूर्ण ग्रंथांच्या प्रतींचे काय, हे दोन प्रश्न त्याने पुराव्यासाठी परत पाठविले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. ते प्रश्न अनुत्तरित राहिले.

भारतीय भाषांच्या अध्यापकास नेमके तेच भेडसावतात. जाडजूड इंग्रजी ग्रंथातील एक प्रकरण आणि साठ पानांचा, पुन्हा न छापला गेलेला मराठी कवितासंग्रह यांना एकच माप लावता येत नाही. त्या संग्रहातून दहा कविता घेतल्या तर तो वेचा राहतो. सगळा संग्रह घेतला तर विद्यार्थ्याला तो अन्यत्र मिळणार नसतो, आणि कवीला, त्याच्या लहान प्रकाशकाला, काहीच मिळत नाही. प्रयोजनाची कसोटी पहिल्या बाजूला झुकते, पण संपूर्ण ग्रंथाविषयीचा प्रश्न न्यायालयानेच खुला ठेवला आहे.