टायर आधी, लिफ्ट नंतर

चि. बाळ हिस,


थारचा फोटो मिळाला. गाडी छान ठेवली आहेस. फोटोखाली तू विचारलंस, "मामा, तीन इंची लिफ्ट आणि तेहतीसचे टायर टाकू का?" फोनवर याचं उत्तर एका शब्दात देऊन मोकळा झालो असतो, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसलो. माझं उत्तर 'नको' असं आहे. पण तू स्वतः इंजिनियर आहेस, नुसत्या 'नको'ने तुझं समाधान होणार नाही आणि होऊही नये.

लिफ्ट नेमकं काय उचलते, इथून सुरुवात करू. तुझ्या गाडीचा मागचा ॲक्सल सलग, एका नळीसारखा आहे आणि डिफरन्शियलचा गोळा त्यातच आहे. स्प्रिंग कितीही उंच घातलीस तरी वर जाते ती चासी आणि तिच्यावरची बॉडी. ॲक्सल चाकांना बांधलेला, तो जागचा हलत नाही. म्हणजे तीन इंच लिफ्ट करूनही मागच्या गोळ्याखाली एक मिलिमीटर जागा वाढत नाही, आणि दगडावर गाडी बसते ती बहुतेक वेळा याच गोळ्यावर. त्याला उचलायचा साधा मार्ग एकच, टायरचा व्यास वाढवणं. व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची ॲक्सलला मिळते, हेही लक्षात ठेव.

आता आकडे मांडू. तुझे आत्ताचे टायर २५५/६५ आर १८ आहेत. २५५ चे ६५ टक्के म्हणजे बाजूची भिंत सुमारे १६६ मिमी. दोन भिंती आणि १८ इंचाची रिम मिळून व्यास साधारण ७८९ मिमी. तू म्हणतेस तो तेहतीसचा टायर २८५/७५ आर १६ धरला तर व्यास ८३४ मिमी होतो. फरक ४५, त्याच्या निम्मे साडेबावीस. तीन इंची लिफ्ट, नवे टायर, नव्या रिम, एवढा सगळा खर्च करून गोळ्याखाली तुला मिळणार एक इंचाहून कमी. वर्कशॉपमध्ये उभी केलेली गाडी उंच दिसते, पण त्या दिसण्यातली बहुतेक उंची फक्त बॉडीची असते.

लिफ्ट अगदी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. थारचा पुढचा चढाईचा कोन जवळजवळ ४२ अंश आणि मागचा जवळजवळ ३७ अंश आहे. पण दोन चाकांमधल्या पोटाचा कोन २७ अंशच आहे. बांधावरून किंवा उंचवट्यावरून उतरताना पोट टेकतं ते यामुळे. तिथे चासी थोडी उचलली तर खरा फायदा होतो. प्रश्न एवढाच, की तुझं पोट टेकतं का? तू अजून त्या गाडीने असा एकही उंचवटा ओलांडलेला नाहीस. टेकायला लागेल तेव्हा विचार करू.

पुढची बाजू वेगळी आहे, आणि जुन्या लोकांचे सल्ले तुला इथेच फसवतील. आपल्या भागात जीपवर शिकलेल्या पिढीच्या डोक्यात एमएम ५४० बसलेली आहे. पुढेमागे सलग ॲक्सल, चारही बाजूंना पाटे. एक पाटा वाढव, शॅकल लांब कर, गाडी वर. २०२० साली आलेल्या तुझ्या थारला पुढे विशबोन आहेत, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. पुढचा डिफरन्शियल चासीला बांधलेला आहे, तो लिफ्टबरोबर वर जातो, पण चाक खालीच राहतं. मग दोघांना जोडणारे ॲक्सल शाफ्ट तिरके होतात. कोन वाढला की शाफ्टवरचा रबरी बूट ताणतो, घासतो, एक दिवस फाटतो. ग्रीस बाहेर आणि आपली लाल माती आत. वरच्या विशबोनचा बॉल जॉइंटही त्याच्या हद्दीपर्यंत जातो आणि अलाइनमेंट कितीही वेळा केलं तरी कॅम्बर, कॅस्टर जाग्यावर येत नाहीत. चाळीस-पन्नास मिमीपर्यंत ही घडी सांभाळता येते. त्यापलीकडे गेलं की वरच्या आर्म बदला, डिफरन्शियल खाली घ्या, अशी एकामागून एक कामं निघतात. मागे आडवा पॅनहार्ड रॉड आहे. लिफ्ट केली की तो अख्खा ॲक्सल किंचित एका बाजूला ओढतो. ब्रेकचे होस आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जातात ते वेगळंच.

कोणी तुला "नुसते स्पेसर टाकू, स्वस्तात काम होईल" असं म्हणालं तर त्याला नमस्कार कर आणि पुढे चल. पुढे शॉकअपवरच्या स्प्रिंगला पंचवीस मिमीचा स्पेसर टाकला की विशबोनच्या लांबीमुळे चाकाशी ती उंची दीडपट-दुप्पट होते. शॉकअपची लांबी मात्र तीच राहते. मग चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की चाक जमिनीपर्यंत पोचण्याऐवजी हवेत लटकतं आणि शॉकअप टोकाला आपटून टक टक आवाज करतो. ऑफ-रोडिंगमध्ये चाक जमिनीला टेकलेलं असणं उंचीपेक्षा मोलाचं. लिफ्टमुळे टायर घासणं थांबतं, हाही गैरसमज. चाक पूर्ण दाबलं गेलं की ते बंपस्टॉपपर्यंत, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या रबरापर्यंत, जातंच, लिफ्ट असो वा नसो. बंपस्टॉप वाढवला नाही तर मोठा टायर तिथे मडगार्डला घासणारच.

तेहतीसच्या टायरचा दुसरा हिशेबही बघ. घेर पावणेसहा टक्के वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा तू साडेचौऱ्यांशीवर असशील. चाक फिरवायला इंजिनाला तेवढाच जास्त जोर लागतो, सायकल चढावर मोठ्या गिअरमध्ये रेटावी तसं. थांबवतानाही तसंच, ब्रेकची डिस्क तीच आणि चाक मोठं. त्यात टायर जड. आणि थारची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते. पाचवा जड टायर तिथे लटकला की बिजागऱ्या सैल व्हायला वेळ लागत नाही, हे मी गॅरेजमध्ये रोज बघतो. चार टायर मोठे आणि स्टेपनी जुनी ठेवायची हा उपाय नव्हे. फोर-व्हील लावलेल्या गाडीत एक चाक वेगळ्या घेराचं असेल तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर जातो.

मग घ्यायचं काय? याच थारच्या साध्या मॉडेलला कंपनीने २४५/७५ आर १६ टायर दिले. त्याचा व्यास ७७४ मिमी, तुझ्यापेक्षा १५ कमी, म्हणजे ॲक्सल साडेसात मिमी खाली जाईल. हे वाचून नाक मुरडशील. पण भिंत बघ: १८४ मिमी, तुझ्या टायरपेक्षा १८ मिमी जास्त. उघड्या जांभ्यावर किंवा नदीपात्रातल्या गोट्यांवर काम करते ती ही भिंत. ३२ वरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवलीस की टायर लांब पसरतो, दगडाला धरतो, धक्का स्वतः पितो. १८ इंचाच्या रिमवर भिंत कमी असल्यामुळे रिमला मार बसायची भीती जास्त. पंधराच्या खाली मात्र जाऊ नकोस, टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरावर येण्याआधी हवा परत भरायचीच. चांगला कॉम्प्रेसर आणि खात्रीचा गेज हीच तुझी पहिली खरेदी असू दे.

नक्षी एटीची, म्हणजे ऑल-टेरेन, घे. रेगड मातीत एटीच्या खाचा चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो, हे खरं. एमटी, म्हणजे मड-टेरेन, तो चिखल फेकून देतो. पण तुझं नव्वद टक्के चालवणं रस्त्यावर आहे, आणि भर पावसात ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर एमटी एटीइतका थांबत नाही. पाऊस पडलेल्या रेगडात उतरणं टाळता येतं, घाट टाळता येत नाही.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट मनावर कोरून ठेव. स्प्रिंग उंचीसाठी निवडायची नसते, वजनासाठी निवडायची असते. पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलीस तर सत्तर-ऐंशी किलो सहज वाढतात आणि मूळ स्प्रिंग बसते. त्या वजनाची स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप घातला की गाडी पुन्हा सरळ उभी राहते. पण विंचसाठी बनवलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातलीस तर ती प्रत्येक खडीवर उड्या मारेल, आणि उडणाऱ्या चाकाला पकड नसते. म्हणून आधी गाडीवर कायमचं काय राहणार ते ठरव, डिझेल आणि सामानासकट ती वजनकाट्यावर ने, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घे. ती चिठ्ठी हातात नसताना जो दुकानदार तुला स्प्रिंग विकतो, त्याच्याकडून घेऊ नकोस.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघेल. म्हणून कंपनीने याच गाडीला दिलेल्या मापात राहणं मला शहाणपणाचं वाटतं. त्याबाहेर जायचं असेल, स्प्रिंग असो की टायर, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचार.

आणखी एक मागणं आहे. टायर चांगले झाले म्हणून सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, गाडी घालू नकोस. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. पण ज्यांचं नाव कोणत्याच यादीत नाही असे कितीतरी सडे सह्याद्रीत आहेत. जांभ्यावर बोटभर माती, तिच्यात वर्षभराची फुलं. एकदा चाक फिरलं की ती माती पुढच्या पावसात वाहून जाते. मळलेली वाट असेल तिथेच जा.

तर यंदा १६ च्या रिम, २४५/७५ एटी पाच नग, कॉम्प्रेसर, आणि लिफ्ट नाही. रिम ब्रेकच्या कॅलिपरला न घासता फिरते ना, हे विकत घेण्याआधी चाक बसवून बघ. हा पावसाळा अशीच चालव, कुठे काय टेकतं ते खाली वाकून बघ, खुणा लिहून ठेव. दिवाळीत गाडी घेऊन इकडे ये. पोटावर खरंच ओरखडे असतील तर चाळीस मिमीच्या स्प्रिंगचा विचार तेव्हा करू. नवी चाकं बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायला विसरू नकोस.

तुझा,
मामा